खिळा आणि पिलात

संपादक महोदय,

उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, पेपरात दरवर्षी येशूच्या क्रुसावरच्या मरणाच्या रक्ताळलेल्या देखाव्याचा फोटो असतो. भायखळ्यात मी तरुण संघातल्या पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांना शिकवते. रक्त त्यांना नवं नाही, मोबाइलवर रोज बघतात. यंदा मी खिळा नेला. १९६८ साली जेरुसलेममध्ये क्रुसावर मारलेल्या माणसाच्या टाचेच्या हाडात सुमारे साडेअकरा सेंटिमीटरचा खिळा सापडला होता, साधारण तेवढाच. (हार्डवेअरवाल्याने विचारलं, ‘बाई, दार बसवताय का?’) तो हातोहात फिरला तशी कुजबुज थांबली. मग येशूला क्रुसाची शिक्षा देणाऱ्या रोमन सुभेदाराबद्दल, पिलाताबद्दल, एक मुलगी म्हणाली, ‘टीचर, पिलाताला येशूत दोष सापडलाच नव्हता ना? मग?’ कैसराची, म्हणजे रोमन सम्राटाची, मर्जी, खुर्ची जाण्याची भीती, उरलेला तास त्यावरच गेला. पुढच्या वर्षी फोटोखाली पिलातावरही दोन ओळी छापाल का?

— एक शिक्षिका, भायखळा