सही अजून केलेली नाही

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

फोनवर बाबा म्हणाले, "इतकी वर्षं घाम गाळलास, आता दारी आलेलं कशाला परतवतेस?" आई काहीच बोलली नाही, म्हणून यूएफसीच्या, म्हणजे मिक्स्ड मार्शल आर्ट्सच्या (ठोसे, लाथा, कुस्ती सगळं चालणाऱ्या) लढती भरवणाऱ्या अमेरिकी कंपनीच्या, करारावर सही का केली नाही ते सविस्तर लिहितेय.

आधी पैशांचं. करारात एका लढतीचे 20 हजार डॉलर दिसतात. त्यातले 10 केजमध्ये, म्हणजे जाळीच्या रिंगणात, उतरण्याचे, बाकीचे 10 जिंकले तरच. तीन पंचांपैकी दोघांना समोरची सरस वाटली की निम्मे गेले. हाती येतील त्यातून कोचचा आणि मॅनेजरचा वाटा, सरावाचा खर्च, वर कर. वर्षाला दोन-तीन लढती मिळाल्या तर नशीब. सरावात गुडघा गेला तर एकही नाही.

बाबा, तुम्ही विचारलंत, तुमची युनियन नाही का? नाही. आम्ही कागदोपत्री कामगारच नाही, स्वतंत्र कंत्राटदार. अमेरिकेतला कायदा एकजुटीनं मालकाशी बोलणी करायचा हक्क नोकरदारांना देतो, आम्हाला नाही. बॉक्सरांसाठी निदान 2000 साली मुहम्मद अलींच्या नावानं कायदा झाला. लढतीतून किती कमावलं, हे लढत भरवणाऱ्या प्रमोटरला बॉक्सरपुढे उघड करावं लागतं. आमच्या खेळाला तो लागू नाही. एनबीएत, म्हणजे अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगमध्ये, उत्पन्नाचा जवळपास निम्मा भाग खेळाडूंना जातो. यूएफसीत तो पाचव्या हिश्श्याच्या आसपास किंवा त्याहून कमी असल्याचं खटल्यात पुढे आलं.

तो खटला कुंग ली, जॉन फिच वगैरे लढवय्यांनी यूएफसीवर डिसेंबर 2014मध्ये भरला. 33.5 कोटी डॉलरची तडजोड न्यायाधीशांनी 2024मध्ये फेटाळली, 37.5 कोटींची फेब्रुवारी 2025मध्ये मंजूर केली. दहा वर्षं! तोवर कित्येकांची कारकीर्द संपली होती. शिवाय भरपाई मिळाली तरी करारांतली कलमं त्या तडजोडीनं बदलली नाहीत.

मला धास्ती आहे ती कलमांचीच. चॅम्पियन झाले तर करार आपोआप लांबतो. दुखापतीनं घरी बसले तर तेवढे महिने पुढे जोडले जातात. करार संपल्यावर दुसऱ्या कुणी जास्त रक्कम देऊ केली, तर तेवढीच देऊन मला ठेवून घ्यायचा हक्क यांचाच. हरले तर ते मला काढू शकतात, जिंकले तर मी जाऊ शकत नाही. बाबा, अशा कागदावर तुम्ही तरी मला सही करू दिली असती का?

फ्रान्सिस एन्गानू हेवीवेट चॅम्पियन असताना करार संपेपर्यंत थांबला आणि जानेवारी 2023मध्ये पट्टा सोडून यूएफसीतून बाहेर पडला. त्यानं नुसते पैसे मागितले नव्हते, लढवय्यांसाठी आरोग्यविमाही मागितला होता. त्याच वर्षी तो नामवंत बॉक्सर टायसन फ्युरीशी बॉक्सिंग लढला आणि फ्युरीला खाली पाडलं. निकाल फ्युरीकडे गेला, तरी त्याचा निर्णय मला बरोबरच वाटतो. माझं नाव त्याच्याइतकं मोठं नाही, हेही मला कळतं. म्हणूनच सही करण्याआधीच बोलायला हवं.

वकीलबाईंनी बदल कळवलेत. चॅम्पियनच्या मुदतवाढीला एका वर्षाची मर्यादा, दुखापतीचे महिने जोडायचे नाहीत, सरावातल्या दुखापतीचा खर्च त्यांनी करायचा. पहिल्यावर मी थोडं नमतं घेईन, बाकी दोन्हींवर नाही. त्यांना मान्य नसेल तर लहान स्पर्धांत एकेका लढतीच्या करारावर खेळेन. पैसे कमी मिळतील, पण भागेल.

आई, कुणी विचारलं तर बोलणी चालू आहेत एवढंच सांग. उत्तर आलं की लगेच फोन करते.

तुमची,
मुक्ता