मामा, आधी झिरो बघितला

आदरणीय मामा,
साष्टांग नमस्कार.

समोर आलो की माझ्या तोंडून शब्द फुटत नाही, म्हणून लिहितोय. आणि सगळ्यांना वाचता येईल असं लिहितोय, कारण कॉलेजच्या प्लेसमेंटच्या फलकावर वर्कशॉपच्या मामांचं नाव कधी येत नाही.

शेवटच्या वर्षी कॅम्पसला आलेल्या कंपन्यांची अट होती 60 टक्क्यांची. माझे 57. वर्गातली मुलं इस्त्रीचे शर्ट घालून अ‍ॅप्टिट्यूडला बसायची आणि मी वर्कशॉपच्या पायरीवर. तुम्ही कधी सांत्वन केलं नाहीत. "प्रोजेक्टचा शाफ्ट कुठून करून घेणार?" एवढंच विचारलंत. शाफ्ट म्हणजे मशीनमधला फिरणारा गोल दांडा. चौघांनी पैसे काढून भोसरीतून करून आणायचं आमचं ठरलं होतं, बहुतेक ग्रुप तेच करतात. तुम्ही भडकलात. "लेथ मशीन इथं धूळ खातंय, आणि तुम्ही इंजिनियर लोक बाहेरून जॉब करून आणणार?" मशीनवर घडवायच्या तुकड्याला तुम्ही जॉबच म्हणता.

मग दर शनिवारी तुम्ही माझ्यासाठी थांबलात. तीन शाफ्ट वाया गेले. तुमचा हात मात्र माझ्या हाताला लागला नाही, सगळं मलाच करायला लावलंत. मायक्रोमीटर, म्हणजे बारीक माप घ्यायचं साधन, तेही तिथंच हातात आलं. त्याचा थिंबल, म्हणजे फिरवायची नळी, आवळायचा नाही, टोकाचा रॅचेट टकटक वाजला की थांबायचं. कॉटन वेस्टनं, म्हणजे सुताच्या चोथ्यानं, त्याची माप धरणारी दोन्ही तोंडं पुसायची. "आधी झिरो बघ, मग जॉब बघ." हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं की नंतर नंतर कंटाळा यायचा.

फेब्रुवारीत चाकणच्या एका कंपनीत क्वालिटीसाठी मुलाखत झाली. साहेबांनी टेबलावर एक शाफ्ट, ड्रॉइंग आणि मायक्रोमीटर ठेवला. "पास की रिजेक्ट?" ड्रॉइंगवर 25 h7, म्हणजे 25 मिमीच्या वर अजिबात नाही आणि खाली फार तर 0.021, म्हणजे 24.979 पर्यंत. मी आधी तोंडं पुसली, मायक्रोमीटर बंद केला. झिरो जुळत नव्हता, शून्याच्या जागी 0.02 पुढे दाखवत होता. मग शाफ्ट मोजला. आलं 24.99. घाईत बघितलं असतं तर पासच म्हटलं असतं. पण वजा करून खरं माप 24.97. मी म्हणालो, रिजेक्ट.

साहेबांनी तो झिरो मुद्दाम तसा ठेवला होता. "कुणी शिकवलं?" म्हणाले. मी तुमचं नाव सांगितलं, मामा, पूर्ण नाव. टक्के त्यांनी सगळ्यात शेवटी विचारले.

शेवटच्या सेमिस्टरचा पेपर व्हायच्या आधी ऑफर लेटर हातात होतं. माझ्या फीसाठी बाबांनी पतसंस्थेचं कर्ज काढलंय, त्याचा या महिन्याचा हप्ता मी भरला. त्या दिवशी बाबा फोनवर बराच वेळ काही बोललेच नाहीत.

येत्या शनिवारी येतोय. वर्कशॉपच्या कपाटासाठी 0-25 मिमीचा नवा मायक्रोमीटर घेतलाय. झिरो मी बघितलाय, तरी तुम्ही एकदा बघा.

तुमचा,
पायरीवरचा विद्यार्थी