समुद्री मत्स्यपेटीत तांब्याचे औषध नको

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या पुरवणीतील समुद्री मत्स्यपेटीवरील लेखात, माशांच्या अंगावर पांढरे ठिपके दिसताच पेटीत तांब्याचे औषध सोडावे आणि मासे बरे झाल्यावर पाणी बदलून ते काढून टाकावे, असे म्हटले आहे. औषध योग्यच आहे, पण ते खडक-वाळू नसलेल्या वेगळ्या पेटीत, आजारी मासे तिथे हलवून द्यायचे असते. प्रवाळ, कोळंबी, गोगलगायी असलेल्या मुख्य पेटीत ते सोडले, तर मासे वाचतील आणि बाकीचे जीव जातील.

उपचारासाठी लिटरमागे सुमारे ०.१५ ते ०.२० मिलिग्रॅम तांबे ठेवावे लागते. नैसर्गिक समुद्राच्या पाण्यात ते लिटरमागे १ मायक्रोग्रॅमहूनही (०.००१ मिलिग्रॅमहूनही) कमी असते, म्हणजे हा डोस दीडशे पटींच्या वर जातो. पाणी बदलून ते जाईल हा भरवसाही फसवा आहे; ३० टक्के पाणी तीनदा बदलले तरी पाण्यातले ३४ टक्के तांबे उरतेच, शिवाय चुनखडीच्या खडकांनी आणि वाळूने जे धरून ठेवले ते पुढे कित्येक दिवस पाण्यात उतरत राहते.

औषधाचा थेंबही न घालता हेच संकट माझ्या पेटीत आले होते. गोगलगायी काच सोडून वाळूवर उताण्या पडू लागल्या, कोळंबी कात टाकतानाच मेली, आणि घरगुती चाचणीत मात्र तांबे शून्य, कारण इतक्या कमी प्रमाणापर्यंत त्या चाचणीचा रंग पोहोचतच नाही. मी मुकाट्याने पाणी बदलत राहिलो. अखेर पंपाचा चुंबक उचलून पाहिला, तेव्हा त्याच्या प्लास्टिकच्या आवरणाला केसाएवढी चीर होती आणि तिच्यातून तपकिरी गंज बोटाला लागला. निओडिमियमच्या चुंबकावर बहुधा निकेल-तांबे-निकेल असा मुलामा असतो. मिठाच्या पाण्यात तो टिकत नाही.

म्हणून आधी उगम शोधावा: पितळी जोड, झाकणाचे स्क्रू, पाइपावरच्या पट्ट्या, चुंबक, आणि तांब्याच्या नळातून आलेले पाणी. पेटीत आरओ आणि डीआय रेझिनमधून (उरलेसुरले क्षार शोषणाऱ्या दाण्यांमधून) गेलेले, विरघळलेले क्षार मोजणाऱ्या टीडीएस मीटरवर शून्य दाखवणारे पाणीच घालावे. उगम काढल्यावर सक्रिय कोळसा आणि धातू शोषणारे रेझिन उपयोगी पडते. तांबे शोषून निळसर पडणारी गाळणीची गादी तर डोळ्यांनाच पुरावा देते. धातू ‘निष्प्रभ’ करतो म्हणणाऱ्या द्रावणांवर माझा विश्वास नाही, कारण धातू पेटीतच राहतो. शंका उरलीच, तर पाण्याचा नमुना प्रयोगशाळेत आयसीपी तपासणीला (धातूंचे अतिसूक्ष्म प्रमाणही मोजणाऱ्या तपासणीला) पाठवावा.

तांब्याचे औषध मुख्य पेटीत घालू नये, एवढा खुलासा पुढील पुरवणीत ठळकपणे छापावा, ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक