केमिस्ट्री कशी शिकली जाते यावरच्या रिसर्चला घर द्या

मा. उच्च शिक्षणमंत्री महोदय,
स. न. वि. वि.

मी कॉलेजात केमिस्ट्री शिकवतो. टायट्रेशनच्या प्रॅक्टिकलला (एका द्रावणात दुसरं हळूहळू मिसळून त्याचं प्रमाण काढायच्या) मुलं थेंब थेंब सोडतात, रंग बदलला की ब्युरेटचं (खुणा असलेल्या काचनळीचं) रीडिंग घेतात, फॉर्म्युल्यात टाकतात, उत्तर बरोबर येतं. पण फ्लास्ककडे बोट दाखवून विचारलं की आत्ता यात नेमकं काय काय उरलंय, तर हुशार मुलंसुद्धा गप्प!

हे फक्त माझ्या वर्गात होतं असं नाही. १९८७ साली नुरेनबर्न आणि पिकरिंग या अमेरिकेतल्या दोन केमिस्ट्री शिक्षकांनी हे तपासलं होतं. गॅस लॉची (वायूचा दाब, तापमान आणि आकारमान यांच्या नियमांची) गणितं सोडवणाऱ्या मुलांना चित्रं दाखवून विचारलं, बंद टाकीतला हायड्रोजन थंड केला (द्रव होण्याइतका अजिबात नाही) तर रेणू कुठे असतील? ते टाकीभर पसरलेलेच राहतात, पण गणित जमलेल्या कितीतरी मुलांनी चुकीचं चित्र निवडलं. केमिस्ट्री कशी शिकली जाते याचे अभ्यासक, ग्लासगो युनिव्हर्सिटीचे जॉनस्टोन यांनी याचं कारण मांडलं होतं. डोळ्यांना दिसणारा बदल, न दिसणारे रेणू आणि कागदावरची समीकरणं अशा तीन पातळ्यांवर आपण शिकवताना सहज उड्या मारतो, आणि नवख्या मुलाच्या डोक्यात एका वेळी तेवढं मावतच नाही.

आता खरी अडचण. माझ्या एका विद्यार्थिनीला याच विषयावर पीएचडी करायची होती. केमिस्ट्री डिपार्टमेंट म्हणालं यात नवीन कंपाउंड कुठंय, एज्युकेशनवाले म्हणाले तुमची डिग्री आमच्या विषयातली नाही, आणि या दोन दारांमध्ये तिचं अख्खं वर्ष गेलं. मला याचा फार त्रास होतो, कारण या विषयाचं खास जर्नल १९२४ पासून निघतंय, म्हणजे हे काही कालचं फॅड नाही.

आणि केमिस्ट्रीचा रिसर्च वाढला तोच मुळात शिकवण्यातून. १८२४ ला जर्मन केमिस्ट लीबिग तिथल्या गीसेन युनिव्हर्सिटीत प्रोफेसर झाले तेव्हा ते २१ वर्षांचे होते, त्यांनी विद्यार्थ्यांना स्वतःच्या हाताने अ‍ॅनालिसिस करायला लावलं. १८३१ मध्ये त्यांनी कार्बन मोजायचं पाच फुग्यांचं काचेचं उपकरण आणलं, ते इतकं सोपं होतं की शिकाऊ मुलंही भरवशाचे आकडे काढू लागली, आणि तिथे शिकलेले लोक पुढे ठिकठिकाणी लॅब उभारत गेले.

म्हणून मागणी अशी आहे की अशा पीएचडीला दोन्ही डिपार्टमेंटचा एकेक गाईड चालेल असा नियम करा, कुठल्याही एका डिग्रीवरून अर्ज परत पाठवू नका. प्रमोशनच्या वेळी हे पेपर केमिस्ट्रीचेच धरा, नाहीतर तरुण प्राध्यापक याच्या वाटेला जाणारच नाहीत. फंडिंग लागेल, पण महागड्या मशीनएवढं नाही, मुख्य खर्च माणसांच्या वेळेचा आहे.

त्या मुलीची प्रश्नावली आजही तयार आहे. नियम बदलला तर ती पुन्हा अर्ज करणार आहे.

आपला,
केमिस्ट्रीचा एक शिक्षक