विंगला कापड चढवायच्या आधी हे वाचा
मंडळी, शनिवारी पिटेनपोलच्या (आपल्या हातबनावटीच्या छोट्या विमानाच्या) विंगला कापड लावायचंय, त्याआधी एक आठवण. रिब्ज (विंगला आकार देणाऱ्या फासळ्या) आणि स्पारवर (विंगच्या लांब मुख्य दांड्यावर) साधं स्पार वार्निश (बोटींच्या लाकडाला मारतात ते) मारू नका, कापडाच्या ग्लूमधलं एमईके (एक तीव्र सॉल्व्हंट) ते वार्निश उचलतं, माझ्या विमानाच्या टेलची अशीच वाट लागली होती, वार्निश सायीसारखं सुरकुतलं आणि कापड बोटाने ओढलं तरी सुटायला लागलं. टू-पार्ट इपॉक्सी वार्निशच घ्या, दोन कोट, लाकडाची कापलेली टोकं जास्त पितात तिथे तिसरा. लाकडाला लाकूड चिकटवायचं राहिलंय तिथे मात्र आधी मास्किंग टेप, म्हणजे वार्निश लागणार नाही. इस्त्री थर्मामीटरने तपासूनच आणा, शेवटचं श्रिंक (इस्त्रीच्या उष्णतेने कापड आकसून ताठ करणं) 350 फॅरेनहाइटला, फार वर गेलात तर कापड ढिलं पडतं. आणि ड्रेन होल्स (पाणी निघून जायची भोकं) बुजवू नका प्लीज!