अबुल फजल वाचताना

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

अबुल फजलने लिहिलेला अकबराचा इतिहास, म्हणजे अकबरनामा, वाचायला घेतला आहेस, तर सुरुवातीच्या स्तुतीला कंटाळून तो मिटू नकोस. अबुल फजल खरा भेटतो तो दफ्तरात.

तो १५७४ मध्ये दरबारी आला, आणि घडामोडी टिपणारं दफ्तरही त्याच सुमारास उभं राहिलं. १४ वाकेनवीस, म्हणजे घडामोडी टिपणारे कारकून, रोज दोघांची पाळी. कुणाला मनसब (दरबारी दर्जा) दिली, कोण रजेवर गेला, कोणता हुकूम सुटला, शिकारीत काय मिळालं, सगळं रोजनाम्यात चढे. मग तपासणी, बादशहाची मंजुरी, आणि ज्याला पुरावा हवा त्याच्यासाठी नक्कल. तिच्यावर वाकेनवीस, परवानची (परवाने काढणारा अधिकारी), मीर अर्ज (अर्ज बादशहापुढे मांडणारा अधिकारी) यांच्या सह्या. तिला याददाश्त म्हणत. तिच्यावरून गोषवारा निघे, त्यावर पुन्हा सह्या. इतक्या हातांतून जाणाऱ्या कागदात एकट्याने खोटं घुसवणं फार अवघड.

१५८९ मध्ये इतिहास लिहायची आज्ञा झाली तेव्हा हे कागद त्याच्या हाताशी होते. त्याआधीच्या काळासाठी मात्र जुन्या नोकरांच्या आणि घरातल्यांच्या आठवणी लिहून मागवल्या गेल्या. अकबराची आत्या गुलबदन बेगम हिची हकीकत त्यातलीच. एकेका प्रसंगासाठी विसाहून अधिक जणांच्या लेखी साक्षी घेतल्याचं तो सांगतो. त्या काळात एवढी कसोशी पाहून मला त्याच्याबद्दल फार आदर वाटतो.

पण मंजुरी बादशहाची, म्हणून बादशहाचं चुकलेलं पान त्यात शोधू नकोस. त्यासाठी अकबराच्या दरबारातलाच दुसरा इतिहासकार बदायुनी शेजारी ठेव. तोही १५७४ मध्येच दरबारात आला, पण त्याने लिहिलं ते गुपचूप.

आइन-इ-अकबरी हा याच ग्रंथाचा तिसरा भाग. तिथल्या आकड्यांत माणसं हमखास फसतात. पोलज म्हणजे पडीक न ठेवता दरसाल पिकणारी जमीन. तिच्यावरचा गहू बिघ्याला उत्तम १८ मण, मध्यम १२ मण, कनिष्ठ ८ मण ३५ शेर. ४० शेरांचा एक मण धरून तिन्हींची सरासरी सुमारे १२ मण सव्वाअडतीस शेर. तिचा तिसरा हिस्सा, म्हणजे ४ मण पावणेतेरा शेर, सरकारचा. हे आकारणीसाठी धरलेलं प्रमाण आहे. एखाद्या शेतकऱ्याच्या खळ्यावर तेवढंच धान्य आलं, असं त्यावरून लिहू नकोस.

१५९९ मध्ये त्याला दख्खनेत धाडलं. १६०२ मध्ये परतताना अकबराचा मुलगा सलीम याच्या सांगण्यावरून वीरसिंह बुंदेल्याने त्याला मारलं. जहांगीर या नावाने बादशहा झाल्यावर सलीमने हे आपल्या आठवणींत स्वतः लिहिलंय. अकबराच्या अखेरच्या वर्षांची हकीकत दुसऱ्या हाताने जोडलेली आहे. उतारे काढशील तेव्हा ती अबुल फजलच्या नावावर घालू नकोस.

तुझा मित्र