एकशे पस्तीसवर दोन, झाडामागे

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

मोबाइल गेममुळे मुले बोलणेच विसरली, अशा आशयाचे एका पालकांचे पत्र मागच्या रविवारच्या अंकात वाचले. त्यांची काळजी खरी आहे. रात्री एक वाजता नातवाच्या खोलीच्या दाराखालून येणारा उजेड मीही पाहिला आहे, आणि त्याचा फोन काढूनही घेतला आहे. पैसे लावून खेळायच्या गेमवर २०२५च्या कायद्याने बंदी आली, तेही योग्यच झाले. पण मुले बोलणे विसरली, हे मला मान्य नाही. गेम खेळताना ती जे बोलतात ते मी दिवाळीच्या सुट्टीत रोज ऐकले आणि त्यावरच हे पत्र लिहीत आहे.

मी रेल्वेत ३४ वर्षे काढली. आधी भुसावळ–मनमाड मार्गावर स्टेशन मास्तर, शेवटची १२ वर्षे भुसावळच्या कंट्रोल ऑफिसात सेक्शन कंट्रोलर. कंट्रोलरला गाडी दिसत नाही. समोर पेन्सिलीने ओढायचा तक्ता आणि कानाला फोन, एवढ्यावर शंभर-सव्वाशे किलोमीटरमधल्या गाड्या चालवायच्या. स्टेशनवर होतो तेव्हा गेटमनचे ‘फाटक लावले साहेब’ एवढे ऐकून भागत नसे. त्याने त्याच्याजवळच्या छापील तक्त्यातला पुढचा प्रायव्हेट नंबर सांगायचा, मी तो परत म्हणायचा, रजिस्टरात उतरवायचा, आणि त्याने तो आकडा खोडायचा. ‘अठ्ठेचाळीस’. ‘चार आठ, अठ्ठेचाळीस’. झोपेत ‘हो’ म्हणता येते, आकडा वाचून सांगता येत नाही. या सवयीमुळे दुसऱ्याचे बोलणे मी अजूनही त्याच कानाने ऐकतो.

नातू दहावीत आहे. ‘बीजीएमआय’ हा बंदुकांच्या लढाईचा मोबाइल गेम खेळतो, चौघांची टीम करून. एका सामन्यात शंभरजण उतरतात आणि शेवटी एक टीम उरते. दोघे भुसावळचे, एक अकोल्याचा, एक खंडव्याचा, त्यामुळे भाषा मराठी-हिंदी मिसळलेली. पहिल्या दिवशी मला नुसता गलका वाटला. तिसऱ्या दिवशी कळायला लागले. ‘वन थर्टी फाइव्हपे दो, पेड के पीछे, एक नॉक.’ स्क्रीनच्या वरच्या कडेला होकायंत्राची पट्टी असते, तिच्यावरचा हा १३५ अंश. दिशा, संख्या, आडोसा आणि त्यातला एक जायबंदी झाला ही खबर, सगळे दोन सेकंदांत. मी सरळ होऊन बसलो. ही तर आमची कंट्रोलची भाषा!

त्यांच्यात एकाला आयजीएल म्हणतात, म्हणजे खेळ चालू असताना टीमला हाकणारा. चकमक सुरू झाली की तो बोलतो आणि ज्याला शत्रू दिसतो तो बोलतो. बाकीचे गप्प. ज्याचा खेळाडू मेला, त्याने हळहळ करत बसायचे नाही. कोणी मारले आणि तो कुठे आहे, एवढे सांगून थांबायचे. एकदा खंडव्याच्या मुलाऐवजी एक नवा मुलगा आला. तो ओरडला, ‘अरे तिकडे, तिकडे बघ!’ दोघांनी दोन दिशांना पाहिले आणि टीम बाद झाली. कोणी त्याला शिवी दिली नाही. नातू म्हणाला, ‘भाई, तुझं तिकडे मला कसं दिसणार? आकडा बोल.’ हे वाक्य मी नव्या असिस्टंट स्टेशन मास्तरांना किती वर्षे वेगवेगळ्या शब्दांत सांगत होतो.

अकोल्याच्या मुलाला जन्मापासून ऐकू येत नाही, हे मला आठवड्याने कळले. तो नकाशावर खूण टोचतो आणि तयार संदेशाचे बटण दाबतो. बाकीचे तिघेही बोलता बोलता त्याच्यासाठी खूण करतात. त्यांना ते इतके अंगवळणी पडले आहे की त्याबद्दल सांगण्यासारखे काही आहे असेही त्यांना वाटत नव्हते. पुण्यात गेमच्या चाचणीचे काम करणाऱ्या माझ्या नातीने यामागची हकीकत सांगितली. फेब्रुवारी २०१९मध्ये रिस्पॉन कंपनीचा ‘एपेक्स लेजंड्स’ आला, त्यात अशा खुणांची पद्धत फार बारकाईने बसवली होती. शत्रू, बंदूक, जागा, ज्याच्यावर नेम धरून बटण दाबाल त्याची खूण साथीदारांना दिसते आणि त्यांना ‘कळले’ असे उत्तरही देता येते. अनोळखी माणसांबरोबर, माइक न लावता, तिघांची टीम चालू लागली. काही आठवड्यांतच ‘फोर्टनाइट’मध्येही तशी सोय आली. पुढे ऑगस्ट २०२१मध्ये ईए या मालक कंपनीने त्याचे पेटंट इतरांना विनामूल्य वापरायला खुले केले, कारण ऐकण्याची किंवा बोलण्याची अडचण असलेल्या खेळाडूंना त्याचा मोठा आधार होता. ‘कळले’ हे उत्तर त्यात ठेवणाऱ्या माणसाला मला भेटावेसे वाटते. आमच्याकडेही आकडा परत म्हटल्याशिवाय निरोप पोचला असे धरत नसत.

सगळे गोड नाही, हेही लिहायला हवे. माझी नात स्वतः खेळते तेव्हा माइक बंद ठेवते. मुलीचा आवाज ऐकला की काय काय बोलले जाते, हे तिने मला पूर्ण सांगितले नाही आणि मीही विचारले नाही. ती शिपाई असो की कप्तान, तिला गप्प राहून खेळावे लागते, ही मला फार लागलेली गोष्ट आहे. यावर इलाज नाही असे मात्र नाही. ‘लीग ऑफ लेजंड्स’ काढणाऱ्या रायट कंपनीने एकदा प्रतिस्पर्धी टीमशी गप्पा मारायची सोय आधीपासून बंद ठेवून पाहिली. हवी त्याने सेटिंगमध्ये जाऊन चालू करावी. गप्पांचे प्रमाण जवळपास तेवढेच राहिले, पण वाईट बोलणे सुमारे एक तृतीयांशाने उतरले. बोलण्याआधी एक पायरी चढावी लागली, एवढ्याने हा फरक पडला. शाळांच्या आणि सोसायट्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर रात्री अकरानंतर जे चालते, ते पाहता ही पायरी आपल्यालाही हवी आहे.

नातीच्या कामातली एक गोष्ट मी स्वतः वापरून पाहिली. गेममध्ये बिघाड सापडला की ती ‘गेम नीट चालत नाही’ असे लिहीत नाही. कुठे होते, काय केले, काय व्हायला हवे होते, काय झाले, दहा वेळा करून पाहिले तर किती वेळा झाले, हे ओळीने लिहिते. आमच्या गल्लीतल्या खांबावरच्या दिव्यासाठी मी तीन अर्ज दिले होते. ‘अक्षम्य दुर्लक्ष’, ‘नागरिकांत तीव्र असंतोष’ वगैरे सर्व लिहिले होते. खांबाचा क्रमांक एकातही नव्हता. चौथा अर्ज नातीने लिहून घेतला. खांब क्रमांक, दिवा सात वाजता लागतो, वारा सुटला की विझतो, वारा पडला की पुन्हा लागतो, शेजारचे दोन्ही दिवे ठीक, अमुक तारखेपासून रोज. चौथ्या दिवशी वायरमन आला आणि शिडी लावायच्या आधीच म्हणाला, ‘काका, जोड सैल असणार.’ तसेच निघाले.

तिनेच मला एका जपानी गेमच्या प्रमुखाची पत्रे मराठीत वाचून दाखवली. ‘फायनल फँटसी १४’ हा गेम सप्टेंबर २०१०मध्ये आला आणि पार फसला. त्या डिसेंबरात नाओकी योशिदा यांच्याकडे तो सोपवला गेला. त्यांनी खेळाडूंना ‘निर्मात्याचे पत्र’ लिहायला सुरुवात केली, नोव्हेंबर २०१२मध्ये जुना गेम बंद केला आणि ऑगस्ट २०१३मध्ये नव्याने उभा केला. डिसेंबर २०२१मध्ये नवा भाग आल्यावर इतकी गर्दी झाली की लोक तासन् तास रांगेत अडकले. योशिदांनी माफी मागितली, आणि नुसती माफी मागून थांबले नाहीत. स्क्रीनवर कोणत्या क्रमांकाची चूक दिसते, ती कशाने येते, ती आल्यावर खेळाडूने काय करावे, सेमीकंडक्टरच्या टंचाईमुळे नवे सर्व्हर का मिळत नाहीत, हे सगळे लिहिले. आधी ७ आणि मग आणखी १४ दिवसांचे शुल्क सोडले. गर्दी कमी व्हावी म्हणून गेमची विक्रीसुद्धा काही काळ थांबवली. रेल्वेत इंजिन ड्रायव्हरला आम्ही कॉशन ऑर्डर देत असू. अमुक किलोमीटरपासून अमुक किलोमीटरपर्यंत, ताशी अमुक वेग, कारण अमुक. मला ती पत्रे त्याच जातीची वाटली.

आता मागच्या महिन्यात आमच्या भागात लागलेली सूचना पाहा: ‘तांत्रिक कारणास्तव पाणीपुरवठा अनियमित व कमी दाबाने होईल. नागरिकांनी सहकार्य करावे.’ कोणता भाग, किती दिवस, काय बिघडले, काही नाही. आमच्या मागे राहणाऱ्या बाई धुणीभांडी करतात. पाणी येईल म्हणून त्यांनी दोन दिवस सकाळची कामे सोडली, तरी पाणी आले तिसऱ्या दिवशी रात्री. दोन दिवसांची मजुरी त्या चार ओळींनी खाल्ली. ज्याने ती सूचना लिहिली त्याला ‘तिकडे, तिकडे बघ’ म्हणणाऱ्या मुलासारखे कोणीतरी ‘आकडा बोल’ म्हणायला हवे होते.

अशा सूचना आपल्या दैनिकातही जशाच्या तशा छापून येतात. तेव्हा विनंती एवढीच, की छापण्याआधी आपल्या वार्ताहराने संबंधित कार्यालयाला फोन करावा. कोणत्या टाकीवरचा भाग, कधीपासून कधीपर्यंत, कारण काय, टँकर मागवायचा तर कोणत्या क्रमांकावर, हे विचारून घ्यावे आणि मिळालेले उत्तर फोनवरच एकदा परत म्हणून दाखवावे.

आपला,
एक निवृत्त सेक्शन कंट्रोलर, भुसावळ